घरचा संगणक आणि एका ऑफिसचा आग्रह

घरात नवा संगणक आला की त्याच्यासोबत एक सल्ला ठरलेला असतो : ‘ऑफिस टाकून घ्या.’ दुकानदार सांगतो, भाचा सांगतो, मुलीच्या क्लासचे सर सांगतात. ऑफिस म्हणजे मायक्रोसॉफ्टचंच, हे त्यात धरूनच चाललेलं असतं. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की विकत घ्यायचं की कुणाकडून तरी ‘टाकून’ घ्यायचं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा तालुक्याच्या गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात काय, हे बोलणं सारखंच ऐकू येतं. हे मत इतकं मुरलेलं आहे, की त्याला कुणी मत म्हणतच नाही, व्यवहार म्हणतात. मला ते चूक वाटतं. मराठी घरातल्या नव्या संगणकावर पहिल्यांदा लिब्रेऑफिस हे मुक्त आणि विनामूल्य ऑफिस बसवावं. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस ज्याला खरोखर लागतं त्याने ते रीतसर पैसे मोजून घ्यावं. आणि चोरीचं ऑफिस कुणीही, कुठल्याही सबबीवर घेऊ नये. हे माझं म्हणणं आहे आणि ते मला सिद्ध करायचं आहे.

आधी पूर्वपक्ष मांडतो, आणि तो त्याच्या भक्कम बाजूने मांडतो, कारण त्यात तथ्य नाही असं मुळीच नाही. त्याचं म्हणणं असं. साऱ्या जगाची कागदपत्रं वर्ड आणि एक्सेलमध्ये आहेत. मुलाने नोकरीचा अर्ज दुसऱ्या कशात केला आणि समोरच्याकडे तो विस्कटलेला उघडला, तर नुकसान मुलाचं. शाळेत, कॉलेजात, एमएस-सीआयटीच्या संगणक-वर्गात हेच शिकवतात, नोकरीतही हेच लागतं. मग घरी वेगळं शिकून वेळ कशाला घालवायचा? फुकटच्या वस्तूला धनी नसतो, अडलं तर विचारायचं कुणाला? मराठी टायपिंग वर्डमध्येच नीट होतं. जर्मनीतल्या म्युनिक शहराने मोठ्या उत्साहाने मुक्त सॉफ्टवेअर घेतलं आणि शेवटी सोडलं, मग आपण कोण? आणि इतकं करून पैसे द्यायचे नसतील, तर आता सगळं ऑनलाइन फुकट मिळतंच की.

यातला सर्वांत वजनदार आक्षेप पहिला आहे, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू. फाइल दुसरीकडे विस्कटते, ही तक्रार खरी आहे. पण ती का विस्कटते, हे फारसं कुणी पाहत नाही. घरगुती कागदांच्या बाबतीत बहुतेक वेळा दोष असतो फाँटचा. समजा, एका मुलीने वर्डमध्ये कॅलिब्री या फाँटात एक पानाचा बायोडाटा केला. तो फाँट मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा. तो नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की दुसरा फाँट त्याच्या जागी येतो, त्याची अक्षरं केसभर रुंद असतात, प्रत्येक ओळीत एखादा शब्द खाली ढकलला जातो आणि शेवटी ‘दिनांक’ आणि ‘सही’ दुसऱ्या पानावर जाऊन बसतात. यावर उपाय केव्हाच निघालेला आहे. कार्लिटो नावाचा मुक्त फाँट कॅलिब्रीच्या मापाने अक्षर न अक्षर जुळवून केलेला आहे. केंब्रियासाठी कॅलेडिया, आणि एरियल, टाइम्स न्यू रोमन, कुरियर न्यू या तिघांसाठी लिबरेशन हे फाँट. लिब्रेऑफिसबरोबर हे येतातच. उलट बाजूही पाहा : मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये आपला नेहमीचा फाँट कॅलिब्री बदलून ॲप्टोस केला. म्हणजे आजच्या वर्डमध्ये साध्या सवयीने केलेली फाइल त्याच कंपनीच्या जुन्या वर्डमध्ये उघडली, तर तिथेही पान हलू शकतं. तेव्हा ‘एकच ऑफिस सगळ्यांकडे असलं की सगळं जुळतं’ हा समजच खरा नाही. आवृत्त्या वेगळ्या असल्या की एकाच घराण्यातही बिघाड होतो.

आणि अर्ज, बायोडाटा, बिल, निमंत्रण यांसारखा जो कागद समोरच्याने फक्त वाचायचा आहे, तो वर्डमध्ये पाठवायचाच कशाला? तो पीडीएफ करून पाठवावा. लिब्रेऑफिसच्या राइटरमध्ये, म्हणजे त्याच्या वर्डमध्ये, त्यासाठी वरच्या पट्टीवर बटण आहे. समोरच्याने त्यात बदल करायचा असेल तरच डॉकएक्स म्हणून साठवून पाठवावा. तेही राइटर करतो. जिथे खरंच अडतं त्या जागा मी लपवत नाही. खूप चौकटी आणि तरंगत्या मजकुराच्या पेट्या असलेला फॉर्म, स्मार्टआर्टच्या आकृत्या, पॉवरपॉइंटमधली गुंतागुंतीची हालचाल, दहा जणांनी सुधारणा सुचवलेला लांबलचक करार, अशा फाइली इकडून तिकडे फिरल्या की त्रास होतो. पण घरच्या संगणकावर अशा किती फाइली होतात? सोसायटीची सूचना, शाळेचा प्रकल्प, लग्नाच्या खर्चाचा तक्ता, बँकेला पत्र, आजोबांच्या आठवणी. हे सारं दोन्हीकडे सुखाने उघडतं.

फाइलच्या बांधणीचा इतिहासही या वादात बघायला हवा, कारण ‘जगाचं प्रमाण’ या शब्दांवर पूर्वपक्षाची सगळी भिस्त आहे. लिब्रेऑफिस ज्या ओडीएफ बांधणीत फाइल साठवतं, ती ओॲसिस या संस्थेने २००५ मध्ये प्रमाण ठरवली आणि २००६ मध्ये ती आंतरराष्ट्रीय आयएसओ प्रमाण झाली. डॉकएक्सची बांधणी ऑफिस २००७ बरोबर आली. तिला आयएसओची मान्यता २००८ मध्ये मिळाली, तीही जगभर मोठा वाद झाल्यानंतर. भारताने त्या मतदानात आधी विरोधी मत दिलं आणि फेरविचाराच्या वेळीही ते बदललं नाही. पहिल्या बांधणीचं प्रमाणपत्रक सुमारे सातशे पानांचं, दुसरीचं सहा हजारांच्या घरातलं. कुणा तिसऱ्याला वीस वर्षांनी तुमची फाइल उघडणारा प्रोग्राम लिहायचा झाला, तर यातलं कोणतं पत्रक वाचून तो लवकर हाताला येईल, हे सांगायला नको. भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या प्रमाणांचं धोरण जाहीर केलं, ते याच विचाराने.

हे कोरडं वाटत असेल तर एक प्रयोग घरी करून पाहावा. राइटरमध्ये चार ओळी लिहा. समजा, आईची लोणच्याची कृती. फाइल ओडीटी, म्हणजे ओडीएफच्याच मजकुरासाठीच्या प्रकारात, साठवा. मग विंडोजमध्ये फाइलच्या नावापुढचं ओडीटी हे शेपूट दिसेल अशी खूण करा, ते बदलून झिप करा आणि फाइल उघडा. आत छोट्या फाइलींची जुडी दिसेल. त्यातली ‘कंटेंट’ नावाची एक्सएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडली, की टोकदार कंसांच्या गर्दीत ‘मोहरीची डाळ पाव किलो’ हे शब्द जसेच्या तसे देवनागरीत सापडतील. कोणताही ऑफिस प्रोग्राम नसताना, साध्या नोटपॅडमध्ये. डॉकएक्सही आतून झिपच असतं आणि त्यातही शब्द सापडतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्या बाबतीत मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये चांगलंच पाऊल टाकलं. पण त्याआधीच्या डॉक फाइलींचं काय झालं ते आठवा. २००७ मध्ये ऑफिस २००३ साठी आलेल्या एका अपडेटने सुरक्षेच्या कारणासाठी कंपनीच्याच काही फार जुन्या बांधणीच्या फाइली उघडणं बंद केलं होतं. ओरड झाल्यावर त्या पुन्हा उघडण्याची सोपी सोय द्यावी लागली. लिब्रेऑफिसमागच्या मंडळींनी मात्र जुन्या, अनाथ झालेल्या फाइली वाचण्याचं काम मुद्दाम अंगावर घेतलं आहे. मायक्रोसॉफ्ट वर्क्स, वर्डपरफेक्ट, लोटस, एवढंच काय पण पेजमेकरच्याही फाइली त्यात उघडतात. किती मराठी दिवाळी अंक आणि स्मरणिका पेजमेकरमध्ये जुळल्या, हे छापखान्याशी संबंध आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आता मराठीकडे वळतो, कारण माझ्या लेखी सगळ्यात मोठं कारण तेच आहे.

‘मराठी वर्डमध्येच नीट होतं’ हे वाक्य ज्या अनुभवातून आलं, तो अनुभव वर्डचा नाहीच. तो आहे श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम या जुन्या मराठी टायपिंग प्रोग्रामांच्या जमान्याचा. त्या काळी संगणकाला देवनागरी कळत नव्हती, तेव्हा या मंडळींनी मराठीला पडद्यावर आणलं. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्यांची पद्धत अशी होती, की फाइलमध्ये साठायचं ते इंग्रजी अक्षराचं चिन्ह, आणि त्यावर देवनागरीचा मुखवटा चढवायचा तो फाँटने. फाँट गेला की मुखवटा उतरला. एका गृहनिर्माण संस्थेच्या जुन्या सभावृत्तांताची फाइल मी पाहिली आहे : नव्या संगणकावर तीच पानं उघडली तर ठराव, अनुमोदक, थकबाकी यांतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, नुसती विरामचिन्हं आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. वर्ड होतं, तेही अस्सल परवान्याचं. तरी वाचता येईना, कारण फाँट नव्हता. म्हणजे मराठी राखली ती वर्डने नव्हे. ती राखते युनिकोड, म्हणजे देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचं चिन्ह देणारी पद्धत. आणि युनिकोड कुणा एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकीचं नाही.

युनिकोडमध्ये लिहिलेलं मराठी लिब्रेऑफिसमध्ये उत्तम दिसतं, याचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. अक्षरांची जोडणी करणं, म्हणजे टाइप केलेल्या चिन्हांवरून ‘दऱ्या’ की ‘आर्या’ हे ओळखून रफार द्यायचा की चंद्रकोरीसारखा र, हे काम हार्फबझ नावाचं मुक्त इंजिन करतं. २०१७ पासून लिब्रेऑफिस सगळ्या संगणकांवर तेच वापरतं. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड फोन यांच्यातही तेच आहे. तुमच्या फोनवर व्हॉट्सॲपचा मराठी निरोप नीट वाचता येतो ना? मग राइटरमध्ये मराठी का बिघडावं?

मात्र एक खटपट पहिल्या दिवशीच करावी लागते आणि ती न केल्यामुळेच अनेक जण ‘याच्यात मराठीचं काही जमत नाही’ म्हणून सोडून देतात. टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात भाषांचा विभाग. तिथे गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी एक चौकोन आहे, त्यात खूण करून मराठी निवडायचं. असं केलं की रोमन अक्षरांसाठी एक फाँट आणि देवनागरीसाठी दुसरा, दोघांचे आकारही निराळे, असं ठरवून ठेवता येतं. देवनागरी त्याच मापाला डोळ्याला लहान वाटते, म्हणून इंग्रजी १२ ठेवलं तर मराठी १४ ठेवावं. मजकुराची भाषा मराठी अशी ठरवली आणि फाँटमध्ये तशी सोय असली, की शासनाच्या वर्णमालेने सांगितलेले देठाचा श आणि पाकळीचा ल आपोआप येतात. हिंदी वळणाची अक्षरं सोसावी लागत नाहीत. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला ‘मुक्त’सारखा सुरेख फाँट फुकट मिळतो. विंडोज १० पासून मराठीचा उच्चाराधारित कळफलकही विंडोजमध्येच आहे, इनस्क्रिप्ट तर आधीपासून आहेच. लिब्रेऑफिसचे मेन्यू मराठीत करता येतात, शुद्धलेखन तपासणारा मराठी कोश जोडता येतो. मायक्रोसॉफ्टकडेही मराठी मेन्यू आणि तपासणी आहे, ते नाकारण्याचं कारण नाही. माझा मुद्दा एवढाच, की मराठीसाठी म्हणून मायक्रोसॉफ्टला पैसे द्यायची किंवा त्याच्या ऑफिसची चोरी करायची काडीमात्र गरज उरलेली नाही.

शिक्षणाचा आक्षेप घेणाऱ्या आईबापांबद्दल मला आस्था आहे. मूल मागे पडू नये हीच त्यांची काळजी असते. पण त्यांनी एकदा मुलाचं पुस्तक उघडून पाहावं. सीबीएसईच्या दहावीच्या माहिती तंत्रज्ञान या विषयात, ज्याचा क्रमांक ४०२ आहे, शिकवतात ते लिब्रेऑफिसचे राइटर, तक्त्यांचं कॅल्क आणि माहितीसाठ्याचं बेस. केरळच्या सरकारी शाळांनी कित्येक वर्षांपूर्वीच मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारलं आणि तिथली मुलं दहावीपर्यंत त्यावरच संगणक शिकतात. ती पुढे नोकरीत कुठे अडली असं ऐकिवात नाही. देशातल्या जिल्हा न्यायालयांना ई-कोर्ट प्रकल्पाने उबुंटू ही मुक्त प्रणाली दिलेली आहे. म्हणजे ज्या कचेऱ्यांत एका स्वल्पविरामावरून वाद होतो, तिथेही मायक्रोसॉफ्टवाचून कामकाज चालतं. आणि मराठीतून शिकायचं तर पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिब्रेऑफिसचे छोटे छोटे पाठ मराठी आवाजात केलेले आहेत, तेही विनामूल्य.

एमएस-सीआयटीने महाराष्ट्रात लाखो लोकांच्या हातात पहिल्यांदा माउस दिला. त्या कामाबद्दल मनात आदरच आहे. पण त्या अभ्यासक्रमाचा एक परिणाम असा झाला, की संगणकसाक्षरता म्हणजे एका कंपनीच्या तीन प्रोग्रामांतली बटणं पाठ असणं, अशी समजूत घट्ट झाली. शिकायचं असतं ते वेगळंच. शीर्षकांना शैली कशी द्यावी म्हणजे अनुक्रमणिका आपोआप तयार होते. तक्त्यातल्या एका खणाचा पत्ता डॉलरचं चिन्ह देऊन पक्का कधी करावा. एका स्तंभात एकाच प्रकारची माहिती का ठेवावी. ज्याला हे येतं त्याला कोणत्याही ऑफिसात बसवा, तासाभरात रुळेल. कॅल्कमध्ये बेरीज, व्हीलुकअप, पिव्हट सगळं आहे. २०२४ मध्ये एक्सलुकअपही आलं. ओळी दोन्हीकडे १०,४८,५७६. वर्डसारख्या रुंद पट्टीची सवय असेल तर दिसणं बदलण्याची सोयही ‘व्ह्यू’मध्ये आहे.

फुकटच्या वस्तूला धनी नसतो, हा आक्षेप इतिहासाने खोटा ठरवला आहे. या प्रोग्रामची सुरुवात १९८५ च्या सुमारास जर्मनीतल्या ल्युनेबुर्ग गावी झाली. मार्को ब्योरीस नावाच्या एका अगदी तरुण मुलाने स्टार डिव्हिजन ही कंपनी काढली, तिचं स्टारऑफिस. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी विकत घेतली, २००० मध्ये प्रोग्रामची मूळ संहिता सर्वांसाठी खुली केली आणि ओपनऑफिस जन्माला आलं. २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. नव्या मालकाला यात फारसा रस नाही हे दिसताच काम करणाऱ्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात द डॉक्युमेंट फाउंडेशन उभं केलं, संहिता बरोबर घेतली आणि जानेवारी २०११ मध्ये लिब्रेऑफिसची पहिली आवृत्ती दिली. आता पाहा : धनी दोनदा बदलला, तिसऱ्या वेळी धन्याने पाठ फिरवली, आणि तरी वापरणाऱ्याची एक फाइल अडली नाही. बंद सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे होऊच शकत नाही. तिथे मालकाने दुकान बंद केलं की विषय संपला. पेजमेकरवाल्यांनी ते भोगलं आहे. लिब्रेऑफिसच्या दर वर्षी फेब्रुवारी आणि ऑगस्ट अशा दोन आवृत्त्या येतात. ओपनऑफिस हे नाव अजून कानावर येतं, ते अपाचे संस्थेकडे आहे; पण २०१४ पासून त्यात किरकोळ दुरुस्त्यांपलीकडे काही झालेलं नाही. ते बसवू नये.

आता चोरीच्या ऑफिसबद्दल. याविषयी आपल्याकडे कुणी तोंड उघडत नाही, कारण सभ्य घरांतही ते सर्रास असतं. ‘घरी वापरायला काय हरकत आहे’ असं म्हणतात. कायदा असं म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ६३ ब हे कलम संगणक प्रोग्रामच्या चोरट्या प्रतीच्या जाणूनबुजून वापरासाठीच आहे : किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद, आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड. नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी वापर नसेल तर कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडण्याची मुभा न्यायालयाला आहे; पण गुन्हा तो गुन्हाच. कायद्यापेक्षाही मला बोचतं ते निराळं. क्रॅक, म्हणजे परवान्याची तपासणी चुकवणारा प्रोग्राम, चालवायचा तर आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे ज्या संगणकावरून पुढे बँकेचा व्यवहार होणार, आधार आणि पॅनच्या प्रती ज्यात राहणार, त्याचं दार पहिल्याच दिवशी आपल्या हाताने उघडून एका अनोळखी माणसाचा प्रोग्राम आत घ्यायचा. आणि हे सगळं घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलासमोर चालतं. संगणकाचा पहिला संस्कार म्हणून त्याला आपण हे देतो. जिथे अस्सल, कायदेशीर आणि विनामूल्य वस्तू साडेतीनशे एमबीच्या आसपासच्या एका डाउनलोडवर मिळते, तिथे हे करण्याला एकही सबब नाही. चारपाचशे रुपयांत विकल्या जाणाऱ्या ‘अस्सल’ परवान्याच्या ‘की’ही त्याच माळेतल्या. त्या बहुधा कुठल्यातरी संस्थेच्या घाऊक परवान्यातल्या असतात आणि कधीही बंद पडतात.

लॅपटॉपबरोबरच ऑफिस आलं असेल तर? येऊ दे, वापरा. फक्त ते नक्की काय आहे ते वाचून घ्या. काही वेळा ती महिनाभराची चव असते. वार्षिक वर्गणीचं असेल तर वर्गणी संपल्यावर फाइल वाचता येते, छापता येते, पण बदलता येत नाही. आणि वर्गणी दर वर्षी काही हजारांची. ‘आयुष्यभराचं’ म्हणून येतं ते त्या एका यंत्राला बांधलेलं असतं, आणि आयुष्य कोणाचं हेही पाहायला हवं : ऑफिस २०१९ ची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. शिवाय ‘होम अँड स्टुडंट’ आवृत्तीचा परवाना धंद्यासाठी नाही. घरून शिकवण्या घेणाऱ्या बाई त्यात फीच्या पावत्या करत असतील, डबे देणारं कुटुंब त्यात महिन्याची बिलं काढत असेल, तर पैसे देऊनही परवाना मोडलेलाच. लिब्रेऑफिसला अशी अट नाही. घर, दुकान, शाळा, देऊळ, कुठेही आणि कितीही यंत्रांवर.

ऑनलाइन पर्यायाचं उत्तर थोडक्यात देतो. चार भावंडांनी मिळून एका लग्नाची यादी करायची असेल तर गूगल डॉक्ससारखं दुसरं काही नाही. मीही तेच सुचवीन. मायक्रोसॉफ्टचं वेबवरचं वर्डही फुकट आहे. पण घरच्या कागदांचं कायमचं ठिकाण म्हणून ते मला पटत नाही. गूगलच्या खात्याला १५ जीबी जागा असते, तीत फोटो आणि मेलही मोजतात. दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर कंपनी ते पुसू शकते. वडील गेले, त्यांचा पासवर्ड कुणाला माहीत नाही, आणि जमिनीच्या व्यवहाराची सगळी टिपणं त्या खात्यात, हा प्रसंग कोणत्याही घरावर येऊ शकतो. स्वतःच्या डिस्कवर एक प्रत आणि पेनड्राइव्हवर दुसरी, ही जुनी शिस्तच बरी.

राहिलं म्युनिक. तिथल्या महापालिकेने २००३ मध्ये मुक्त प्रणालीचा निर्णय घेतला, हजारो संगणक बदलले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचं ठरवलं, हे खरं. पण ती हजारो कर्मचाऱ्यांच्या, शेकडो खास प्रोग्रामांच्या महापालिकेची गोष्ट आहे आणि तिथे अख्खी प्रणाली बदलली होती. तुमच्या घरात विंडोज तसंच राहणार आहे. बसवायचा आहे तो एक प्रोग्राम. आणि जर्मनीचाच दाखला हवा असेल तर तो पुढपर्यंत द्यावा : श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० सरकारी संगणकांवर लिब्रेऑफिस आणण्याचा निर्णय जाहीर केला.

मग मायक्रोसॉफ्टचं ऑफिस कुणी घ्यावं? ज्यांच्या पोटापाण्याचा एक्सेलशी संबंध आहे त्यांनी. आयकर खात्याच्या विवरणपत्रांच्या एक्सेल फाइली आतल्या मॅक्रोंवर चालतात, त्या कॅल्कमध्ये भरवशाने चालत नाहीत; करसल्लागाराला एक्सेलच हवं. साध्या पगारदाराचं ‘सहज’ नावाचं विवरणपत्र मात्र पोर्टलवरच भरता येतं, त्याला एक्सेल लागत नाही. कंपनीने बांधून दिलेल्या मॅक्रोंवर घरून काम करणाऱ्यांनाही तेच हवं, आणि तो खर्च खरं तर कंपनीने सोसावा. पडदावाचकावर (स्क्रीन रीडरवर) वर्ड सरावाचं झालेल्या दृष्टिहीन माणसालाही मी ते बदलायला सांगणार नाही. यांनी पैसे द्यावेत आणि बिनधास्त वापरावं.

बाकीच्यांनी लिब्रेऑफिस डॉट ऑर्ग या मूळ ठिकाणावरूनच ते उतरवून घ्यावं, भाषेची खूण करावी आणि लगेच एक काम हातावेगळं करावं, जे पुढे कधी होत नाही. जुना संगणक एक्स्चेंजमध्ये किंवा भंगारात द्यायच्या आधी त्यातल्या श्रीलिपी, आकृती, आयएसएममधल्या फाइली शोधाव्यात. ज्या यंत्रावर तो फाँट आणि तो प्रोग्राम अजून चालू आहे, त्याच यंत्रावर प्रत्येक फाइलची आधी एक पीडीएफ करून घ्यावी, म्हणजे निदान डोळ्यांनी वाचता येईल. मग फाँट बदलणाऱ्या साधनातून मजकूर युनिकोडमध्ये आणावा, आणि तो पीडीएफशी ताडून पाहावा. रफार आणि जोडाक्षरं इथेच घसरतात; आकडे आणि नावं विशेष लक्ष देऊन ताडावीत. शुद्ध झालेली प्रत ओडीटी म्हणून साठवावी. शंभर फाइली असतील तर आधी ज्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नाही त्या घ्याव्यात : आजीच्या ओव्यांची वही कुणी टाइप केली असेल ती, संस्थेची पहिली घटना, वडिलांचं अपुरं लिखाण. छापील पुस्तकाची टाइप केलेली प्रत शेवटी झाली तरी चालेल.